उठला आणि उठवला

आमच्या क्वार्टरांच्या ओळीत इंग्रजी लिहिता येणारी मी एकटी होते, आणि तेव्हा मी चौदा वर्षांची होते. ही गोष्ट मला फार आवडायची. आज या वयात ते कागदावर उतरवताना कानशिलं गरम होतात, पण आवडायची हे खरं आहे. झाशीच्या रेल्वे कॉलनीत आमची आठ क्वार्टरांची ओळ होती, सगळी फिटर, त्यांच्या हाताखालचे खलाशी, पॉइंट्समन, गेटमन यांची. प्रत्येकाला दोन खोल्या, मागे विटांचं अंगण, अंगणात एक नळ, आणि समोर दर दोन घरांमागे एक कडुनिंब. सकाळी वर्कशॉपचा भोंगा झाला की ओळीतले निम्मे पुरुष सायकली काढून निघायचे. मग दिवसभर यार्डात डबे एकमेकांवर आदळल्याचे आवाज. पाहुणे आले की दचकायचे. आम्हाला तो आवाज थांबला तरच चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं.

ओळीत मराठी घरं दोनच. आमचं आणि आमच्या भिंतीला भिंत लागून असलेलं धोंडूकाकांचं. बाबा वर्कशॉपमध्ये फिटर होते, धोंडूकाका गावाबाहेर जाणाऱ्या रस्त्यावरच्या फाटकावर गेटमन. दोघंही सातारा जिल्ह्यातले, पण गावं वेगळी. तिकडे राहिले असते तर एकमेकांना ओळखलंही नसतं. इथे मात्र आईला सरूकाकूशिवाय दिवस जायचा नाही. काकू मागच्या भिंतीवरून आवाज द्यायची, "वैनी, झाला का चा?" आणि आई ओट्यावरूनच उत्तर द्यायची. आमच्या घरातली मराठी आता आठवली की हसू येतं. आई म्हणायची, "पोरी, गिलास धू आणि शक्कर टाक." दुधीला लौकी, पेरूला बिही, कढीपत्त्याला मीठा नीम. मी आणि माझा धाकटा भाऊ आपापसात हिंदीतच बोलायचो, आणि शेजारच्या शकूशीसुद्धा. शकू ही धोंडूकाकांची एकुलती मुलगी, माझ्याहून वर्षाने लहान. ती कॉलनीतल्या हिंदी शाळेत आठवीत होती आणि हिशोब तिच्यासारखा ओळीत कोणाला यायचा नाही.

काकूच्या हातची शेंगदाण्याची चटणी मला आईच्या चटणीपेक्षा जास्त आवडायची, आणि हे मी आईसमोरही बोलून दाखवायची. काकू पाट्यावर वाटायची. मऊरानीपूरच्या बाजूचे शेंगदाणे, लाल मिरची, लसूण, आणि वाटता वाटता ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटणं. तो वरवंट्याचा आवाज भिंतीतून आमच्याकडे यायचा. शाळेतून आले की मी दप्तर टाकून आधी तिकडे जायची. काकू ज्वारीची अर्धी भाकरी, तिच्यावर चटणी आणि तेलाची धार घालून हातातच द्यायची, ताटलीचं कौतुक तिला नव्हतं. धोंडूकाका घरी असले तर खाटेवर बसलेले असायचे. उंच, सरळ पाठीचा माणूस. बोलणं कमी. मला बघितलं की म्हणायचे, "आली का आमची मॅडम?"

मॅडम, कारण मी सदर बाजाराच्या पलीकडच्या मुलींच्या इंग्रजी शाळेत जायची. बाबांनी हट्टाने घातलं होतं. ओळीतल्या बाकी कुणाची मुलगी तिथे नव्हती. तिथल्या मुली फौजी अफसरांच्या, डॉक्टरांच्या, बड्या बाजारातल्या पेढीवाल्यांच्या. त्यांच्यात मी गप्प असायची, माझे बूट आणि माझे उच्चार दोन्ही लपवत. पण लेखी इंग्रजीत माझा नंबर पहिल्या तिनात असायचा, आणि घरी आल्यावर त्या दिवसभराच्या गप्प बसण्याची भरपाई मी ओळीतल्या लोकांकडून करून घ्यायची. कुणाला रजा हवी असली, पास हवा असला, छत गळत असलं, की ते आमच्या दाराशी यायचे. "बिटिया, एक अर्जी लिख दो." मी चौकडीची वही काढायची, पेन झटकायची, कपाळाला आठ्या घालायची. लिहून झालं की मोठ्याने वाचून दाखवायची. ऐकणाऱ्याला एक अक्षर कळायचं नाही आणि म्हणून तो आणखी खूश व्हायचा. रजा मंजूर झाली तर श्रेय माझ्या इंग्रजीला. छत दुरुस्त नाही झालं तर दोष साहेबाला. माझ्या अर्जातली चूक काढू शकेल असं कोणी तिथे नव्हतंच. बाबा कौतुकाने बघत बसायचे. त्यांना सही येत होती, मालाच्या डब्यांवरची अक्षरं ओळखता येत होती, त्यापुढे नाही.

धोंडूकाकांच्या फाटकाविषयी थोडं सांगायला हवं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक लांब लोखंडी दांडा. गाडी यायची असली की गुमटीजवळचं, म्हणजे गेटमनच्या खोपटाजवळचं हँडल फिरवून दोन्ही दांडे खाली आणायचे आणि हँडलाला खटका लावायचा. दांड्याच्या आखूड टोकाला वजनं असतात, त्यामुळे दांड्याची ओढ कायम वर जाण्याची असते. तो खटकाच त्याला खाली धरून ठेवतो. त्या हिवाळ्यात खटक्याचा दात झिजला होता. काका जेवताना हे सांगायचे ते मी स्वतः ऐकलंय. मिस्त्रीला दोनदा सांगून झालं होतं. मिस्त्री म्हणाला होता, पुढच्या फेरीत बघतो.

शनिवारी दुपारी दिल्लीकडून येणाऱ्या गाडीसाठी काकांनी दांडे पाडले, खटका लावला आणि ते रुळांजवळ हिरवी झेंडी घेऊन उभे राहिले. गाडी दिसत होती. तेवढ्यात खटका सुटला आणि दोन्ही दांडे वर गेले. समोर एक रिकामा टांगा उभा होता. दांडा वर गेला की निघायचं, एवढंच त्या घोड्याला वर्षानुवर्षं माहीत होतं. तो निघाला. काकांनी झेंडी टाकून आरडाओरडा केला, ड्रायव्हरने शिट्टी वाजवली, ब्रेक लावले, पण इंजिनाने घोड्याला घेतलंच. टांगेवाला बाजूला फेकला गेला, त्याचा हात दोन ठिकाणी मोडला. घोडा तिथेच गेला. लोक जमले तेव्हा टांगेवाला जमिनीवर बसून एवढंच म्हणत होता, "फाटक खुलो हतो, साब. खुलो हतो सो हम निकर परे." उघडं दिसलं म्हणून तो निघाला, त्याचं काही खोटं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच नवा खटका बसवण्यात आला. जुना कुठे गेला ते कोणी सांगेना. काकांना ड्यूटीवरून उतरवलं आणि सांगितलं, सोमवारपर्यंत लेखी जबाब दे, गुरुवारी साहेबासमोर पेशी, म्हणजे तोंडी चौकशी.

रविवारी दुपारी काका आमच्याकडे आले. मागोमाग काकू, आणि काकूच्या पदराआड शकू. आईने चहा टाकला. काका नेहमीप्रमाणे सरळ बसले होते, पण मांडीवरचे हात एकसारखे चोळत होते. मला म्हणाले, "कुसू, हिंदीतच लिही पोरी. मला बी वाचता यील."

काकांना हिंदी वाचता येत होतं. हे मला माहीत होतं. आणि मी म्हणाले, "नाही काका. नवे साहेब मद्रासकडचे आहेत, हिंदी त्यांना कुठे धड येतंय? इंग्रजीत दिलं की छाप पडते."

बाबा लगेच म्हणाले, "बरोबर आहे. इंग्रजीतच जाऊ दे, धोंडू. कागद वजनदार पाहिजे."

आता इतक्या वर्षांनी मी त्या दुपारच्या खोलीत परत परत जाते आणि प्रत्येक वेळी याच जागी अडते. काकांनी काय हवं ते सांगितलं होतं. त्यांचं ते मागणं मी दोन वाक्यांत उडवून लावलं, कारण हिंदी जबाब लिहिण्यात माझं काय कौतुक होतं? तो तर शकूनेही लिहिला असता.

काकांनी सांगायला सुरुवात केली. मी लिहीत गेले. दांडे पाडले, खटका लावला, झेंडी घेतली. मग ते थांबले आणि हळू आवाजात म्हणाले, "गाडी दिसली आन् दांडा आपसूक उठला. म्या न्हाई उठवला."

'आपसूक'साठी मला एक मोठा इंग्रजी शब्द ठाऊक होता, पण त्याचं स्पेलिंग नक्की नव्हतं. चुकलं तर साहेब हसेल म्हणून मी तो गाळला. 'उठला' यासाठी आधी मी लिहिलं 'रोज', 'राइज'चा भूतकाळ. लिहिलं आणि तो शब्द मला कसातरीच दिसला. गुलाबाचं फूल. कचेरीच्या कागदात गुलाब कुठून आला? मी तो खोडला. वर्तमानपत्रात, नोटीसबोर्डावर मी 'वॉज रेज्ड' असं वाचलं होतं, अमुक मुद्दा रेज्ड, तमुक हरकत रेज्ड. तो भारदस्त होता. मी लिहिलं, 'द गेट वॉज रेज्ड'. आणि 'म्या न्हाई उठवला' हे वाक्य मी लिहिलंच नाही. काकांनी विचारलं, "त्ये बी घेतलं न्हवं?" मी म्हणाले, "काका, साहेब लोकांना एकच गोष्ट दोनदा सांगायची नसते."

सगळं झाल्यावर मी स्वच्छ प्रत काढली आणि उभी राहून वाचली. मग मराठीत अर्थ सांगितला. त्या जागी आल्यावर मी म्हणाले, "मी झेंडी दाखवत असताना दांडा उठला." कागदावर ते नव्हतं. कागदावर होतं की दांडा कोणीतरी उठवला. पण मला ते कळत नव्हतं, एवढं मात्र त्या दुपारपुरतं मी माझ्या बाजूने म्हणू शकते. काकांनी खाली वाकून देवनागरीत सावकाश सही केली. काकू म्हणाली, "लेक शिकलेली आसली म्हंजी असा आधार वाटतो बघा." शकूने माझ्या हातातलं पेन घेतलं, टोपण लावलं आणि परत दिलं.

बुधवारी शाळेत इंग्रजीच्या तासाला मिस पॉल आल्या. बुटक्या, जाड चष्म्याच्या, पांढरी साडी नेसणाऱ्या बाई. रागावल्या की इंग्रजी सोडून हिंदीत यायच्या. त्या दिवशी त्यांच्या हातात आमच्या तपासलेल्या वह्या होत्या आणि त्या रागावलेल्याच होत्या. फळ्यावर त्यांनी जोड्या लिहिल्या. लाय आणि ले. सिट आणि सेट. फॉल आणि फेल. राइज आणि रेज. मग वळून म्हणाल्या, "तुम लोग हिंदुस्तानी लड़कियाँ हो, तुमसे तो यह ग़लती होनी ही नहीं चाहिए. गिरना और गिराना में फ़र्क़ जानती हो कि नहीं? उठना और उठाना में? सूरज उठता है, उसको कोई उठाता नहीं. झंडा उठाया जाता है, अपने आप नहीं उठता. बस इतनी सी बात है."

पहिल्या बाकावर बसलेली मी फळ्याकडे बघत होते.  मिस पॉलनी वर्गावरून नजर फिरवली आणि माझ्यावर थांबवली, कारण उत्तर हमखास मिळायचं ते माझ्याकडून. "कुसुम. 'वॉज रेज्ड' हम कब लिखेंगे?"

मी उभी राहिले. मी म्हणाले, "मिस, जब किसी ने उठाया हो."

"और अपने आप उठा हो तो?"

"रोज, मिस."

"शाबाश," त्या म्हणाल्या. "देखो, इसको समझ में आ गया."

मला समजलं होतं. त्यांच्या तोंडून ते ऐकताना वर्गातल्या कोणाहीपेक्षा जास्त समजलं होतं. उरलेले तास काय शिकवलं ते आठवत नाही. संध्याकाळी शाळेतून चालत घरी येताना मी दोनच गोष्टींचा विचार करत होते, आणि त्यातली पहिली धोंडूकाकांची नव्हती. पहिली ही होती की ओळीतल्या लोकांना कळलं तर काय म्हणतील. बाबांनी सोमवारी तो कागद कचेरीत देण्याआधी वर्कशॉपमधल्या चार जणांना दाखवला होता. बाबांचं तोंड कसं होईल? दुसरा विचार काकांचा होता. अजून वेळ होता. पेशी उद्या अकरा वाजता होती. नवा कागद लिहून, जुन्यात चूक झाली असं सांगून, तो साहेबाला देता आला असता. नाहीतर काकांना नुसतं एवढं सांगितलं असतं तरी चाललं असतं, की साहेबाला म्हणा, लिहिणारी पोर होती, तिचा शब्द चुकला.

मी दप्तर ठेवलं आणि शेजारी गेले. काकू अंगणात बसून काकांच्या गणवेशाच्या कोटाला बटण लावत होती. पितळी बटणं चिंचेने घासून लखलखीत केली होती. काका नळाखाली बूट धूत होते. शकू पाटीवर काहीतरी लिहीत बसली होती. काका मान वर करून म्हणाले, "काय गं कुसू?"

मी दारात उभी होते. वाक्य तयार होतं. काका, एक शब्द चुकलाय. एवढंच म्हणायचं होतं.

मी म्हणाले, "आईने मीठा नीम मागितलाय."

काकूने कोट बाजूला ठेवला, कुंडीतल्या झाडाची मोठी डहाळी तोडून माझ्या हातात दिली. "घे. आन् उद्या शाळंला जाताना देवाला हात जोड बरं का काकांसाठी." मी डहाळी घेऊन घरी आले. आईने विचारलं, "हे कशाला?" मी म्हणाले, "काकूने दिलं." वहीत माझ्याजवळ जबाबाची कच्ची प्रत होती, 'रोज' खोडलेली. ती मी चुलीत घातली.

गुरुवारी मी शाळेत गेले. जाताना देवापुढे हात जोडले. तेही केलं.

पेशीत काय झालं ते बाबांनी संध्याकाळी जेवताना सांगितलं. ते अर्धी रजा टाकून काकांबरोबर गेले होते आणि दाराबाहेर उभे राहून ऐकत होते. साहेब वाईट माणूस नव्हता, बाबा म्हणाले. त्याने काकांना नीट विचारलं, मोडक्यातोडक्या हिंदीत. फाटक वर कसं गेलं? काका म्हणाले, "अपने आप उठा, साब." साहेबाने कागदावर बोट ठेवलं. यात तर तुम्ही लिहिलंय की उठवलं गेलं. मग उठवलं कोणी? तुमच्याशिवाय तिथे कोण होतं? काका गोंधळले. साहेबाने पुन्हा विचारलं, लिहिण्यात चूक झाली का? हा कागद तुमचाच ना? तुम्ही सांगितलं तेच लिहिलंय ना?

"साहेबाने चांगली वाट काढून दिली होती," बाबा म्हणाले, "पण धोंडू म्हणाला, लिखा हुआ ठीक है साब, हमारी बच्ची अंग्रेज़ी स्कूल में पढ़ती है."

आईच्या हातातला घास तसाच राहिला. बाबा भाताकडे बघत बोलत होते, माझ्याकडे नाही. मग त्यांनी विचारलं, "कुसू, कागद बरोबर होता ना गं?"

मी म्हणाले, "हो बाबा. साहेबांनी उलटा अर्थ घेतला असेल."

बाबांनी मान हलवली. पुढे कित्येक वर्षं ते लोकांना हेच सांगत राहिले, की धोंडूचा कागद एकदम पक्का होता, साहेबानेच अर्थ उलटा घेतला. मी कधी त्यांना थांबवलं नाही. ते गेले तेव्हाही त्यांचा समज तोच होता.

निकाल महिन्याभराने आला. नोकरी गेली नाही, पण गेटमनचा गँगमन केला. म्हणजे रुळांवर खडी ओढायची, स्लीपर उचलायचे, उन्हातान्हात मैलोन्‌मैल चालायचं. आणि बदली मऊरानीपूरच्या अलीकडच्या एका लहान स्टेशनावर, जिथे मुलींची शाळा पाचवीपर्यंत होती. काका तेव्हा सत्तेचाळीस वर्षांचे होते. काकूने पाटा-वरवंटा आईला दिला, वजन कुठे वाहून न्यायचं म्हणून. शकूने तिची पुस्तकं एका फडक्यात बांधून सोबत घेतली. तिला वाटत होतं जुलैत परत येईल, आमच्याकडे राहून शिकेल. आई तसं म्हणालीही होती. ते पुढे झालं नाही. कसं झालं नाही ते मला नीट आठवत नाही, आणि मला आठवत नाही याचाही मला संशय येतो.

स्टेशनवर आम्ही सगळे सोडायला गेलो होतो. पॅसेंजर गाडी, लाकडी बाकं, ट्रंक, दोन गाठोडी. काका खिडकीशी बसले होते. गाडी हलायच्या आधी त्यांनी मला जवळ बोलावलं आणि खिडकीतून हात बाहेर काढून माझ्या डोक्यावर ठेवला. "तू वाईट वाटून घिऊ नगंस," ते म्हणाले. "कागद तू झ्याक लिवला हुतास. नशीबच वाकडं, त्याला कोन काय करनार?" मी रडले. सगळ्यांना वाटलं मी शकू चालली म्हणून रडते.

त्यानंतर मी ओळीत कोणाचाही अर्ज लिहिला नाही. अभ्यास खूप आहे असं सांगायची. आई समजायची की मला गर्व झालाय. पुढे मी इंग्रजी घेऊनच एम.ए. झाले, झाशीतच एका कॉलेजात शिकवायला लागले आणि एकतीस वर्षं शिकवलं. राइज आणि रेज ही जोडी मी दरवर्षी शिकवली. त्या दिवशी मी सूर्याचंही उदाहरण द्यायची नाही आणि फाटकाचं तर नाहीच. मुलींना म्हणायची, भाकरी फुगते आणि फुगवतात. मुली हसायच्या, मी पुढच्या जोडीकडे वळायची.

धोंडूकाकांकडे मी गेले ते नोकरी लागून सहा वर्षं झाल्यावर. लग्न झालं होतं, एक मुलगी झाली होती. मनात दरवर्षी ठरवायची आणि दरवर्षी काहीतरी निघायचं. शेवटी एका रविवारी नवऱ्याला मैत्रिणीकडे जाते सांगून मऊरानीपूरची बस धरली. काका निवृत्त होऊन तिथेच स्टेशनमागे एका भाड्याच्या खोलीत राहत होते. साताऱ्याला परत जाणं त्यांना जमलं नव्हतं. शकू तिथून दोन स्टेशनांवर सासरी होती, सतराव्या वर्षी लग्न झालेली, तीन मुलांची आई. काकूने मला लगेच ओळखलं. काकांनी थोड्या वेळाने. ते खाटेवर बसले होते आणि त्यांची पाठ सरळ राहिली नव्हती. उभं राहायला भिंतीचा आधार लागत होता.

चहा झाला. बाबांची, आईची चौकशी झाली. मी शिकवते हे ऐकून काका म्हणाले, "मॅडम झालीस म्हंजी खरीच." मग मी सांगितलं. प्रस्तावना न करता सांगितलं, नाहीतर जमलं नसतं. "काका, तो जबाब मी चुकीचा लिहिला होता. तुम्ही म्हणालात उठला. मी लिहिलं उठवला. त्या एका शब्दामुळे सगळं झालं."

 काकांनी विचारलं, "इंग्रजीत येगळं आसतं व्हय दोन्ही?"

"हो काका. आपल्यात आहे तसंच वेगळं असतं."

"म्हंजी साहेब बरुबर वाचत हुता."

"हो."

त्यांनी मान हलवली. एवढी वर्षं ते साहेबाला शिव्या देत आले असतील किंवा नशिबाला, आता दोन्ही हातातून गेल्यासारखे ते बघत होते. माझ्याकडे बघत नव्हते, दाराबाहेर बघत होते. काकू चुलीपाशी होती. तिने पाठ न वळवता विचारलं, "तुला कवा कळलं गं त्ये?"

मी याच प्रश्नाला भीत होते, आणि तो कोणी विचारणार नाही अशी मनाची समजूत घालून आले होते.

मी म्हणाले, "कॉलेजात गेल्यावर काकू. खूप नंतर."

काकू वळली. तिच्या चेहऱ्यावरचा ताण माझ्यासमोर उतरला. "मग तुझा काय गं दोष? पोरवय तुझं. चौदा वर्साची पोर तू, तुला काय कळनार?" ती येऊन माझ्या शेजारी बसली आणि माझा हात हातात घेतला. काकाही म्हणाले, "व्हय. नकळत झालं. नकळत झाल्याचं काय मनात धरायचं? तू एवढी लांबनं सांगाया आलीस, हेच लई झालं." मग काकूने मला जेवल्याशिवाय सोडलं नाही. मी जेवले. तिने वाढलं तेवढं सगळं जेवले, दोघांच्या पाया पडले आणि संध्याकाळच्या बसने परत आले. दोन वर्षांत काका गेले, त्यांच्यामागून काकू. शकूला मी कधी भेटले नाही.

त्या दोघांनी माफ केलं ते एका वेगळ्याच मुलीला, जिला नंतर कॉलेजात कळलं होतं. तशी मुलगी कधी नव्हती. मला बुधवारी दुपारी कळलं. पेशी गुरुवारी होती.